पोर्टर टाउन हॉल, कुंभकोणम : प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील लहानमोठ्या शहरांतून जी सार्वजनिक सभागृहे उभी राहिली, त्यांच्या दर्शनी भिंतींवरील नावे ओळीने वाचीत गेले तर त्या काळच्या सत्तेची आणि संपत्तीची एक वंशावळच वाचकाच्या हाती लागते. कोठे महाराणी व्हिक्टोरिया, कोठे एखादा गव्हर्नर, कोठे जिल्ह्याचा कलेक्टर, आणि जेथे साहेबाचे नाव नसेल तेथे ज्या संस्थानिकाने अथवा सावकाराने थैली मोकळी सोडली त्याचे नाव, असा हा क्रम बहुधा चुकत नाही. खुद्द मद्रासेचे मोठे सभागृह राणीच्या 1887 च्या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून व्हिक्टोरिया पब्लिक हॉल झाले. ह्या नामावळीत कावेरीकाठच्या कुंभकोणमचा टाउन हॉल मात्र एकटा पडतो. कारण त्याच्यावर ज्याचे नाव आहे तो विल्यम आर्चर पोर्टर हा ना सेनापती होता, ना गव्हर्नर, ना दानशूर धनिक. तो त्या गावच्या सरकारी कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. ज्याला एका बिघ्याची जमाबंदी ठरविण्याचा किंवा मुलकी कचेरीतील एक पट्टेवाला बडतर्फ करण्याचाही अखत्यार नव्हता, अशा एका शिक्षकाचे नाव गावाने आपल्या सर्वांत प्रतिष्ठित नागरी वास्तूस द्यावे, आणि त्याच शिक्षकाच्या शेजारी बसून ज्याने शिकविले त्या टी. गोपाळराव ह्या तंजावरी मराठी प्राध्यापकाचे नाव आपल्या सार्वजनिक ग्रंथालयास द्यावे, ही गोष्ट मला ह्या नगराच्या अर्वाचीन इतिहासातील सर्वांत लक्षणीय वाटते. पुढील सारे विवेचन ह्या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

इमारतीच्या इतिहासाची प्रस्तावना कोनशिलेपासून आरंभावी असा प्रघात आहे. तो मी येथे पाळणार नाही. सभागृह ही वस्तू विटाचुन्याची असली तरी तिचे प्रयोजन माणसांच्या जमण्यात असते. आणि एखाद्या गावाने सभागृह बांधले म्हणजे काय केले हे कळावयाचे असेल, तर त्यापूर्वी त्या गावात माणसे कोठे जमत, कोणाच्या बोलावण्यावरून जमत, जमल्यावर कोण बोले आणि कोण ऐके, हे आधी पाहिले पाहिजे. कुंभकोणमच्या बाबतीत ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी दप्तरांत फार खोल जावे लागत नाही. ती गावात उघड्यावर उभी आहेत.

तंजावरपासून ईशान्येस सुमारे 25 मैलांवर, कावेरी आणि अरसलार ह्या दोन प्रवाहांच्या बेचक्यात हे क्षेत्र वसले आहे. कुंभेश्वर, नागेश्वर, शार्ङ्गपाणी, चक्रपाणी, रामस्वामी अशी एकाहून एक मोठी देवालये थोड्याथोडक्या अंतरावर उभी असल्यामुळे येथील रस्तेदेखील देवळांच्या प्राकारांना आणि रथयात्रेच्या वळणांना धरून आखलेले आहेत. महाराष्ट्रीय यात्रेकरूला ह्या गावाची ओळख पटविणारी एक खूण मुद्दाम सांगण्याजोगी आहे. बृहस्पती सिंह राशीस आला की आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. त्याच सिंहस्थ गुरूच्या योगावर, मघा नक्षत्राच्या पौर्णिमेस कुंभकोणमला महामहम् भरते, आणि त्या दिवशी सर्व तीर्थे तेथील महामहम् पुष्करिणीत अवतरतात अशी श्रद्धा आहे. गोदावरीच्या रामकुंडात आणि कावेरीकाठच्या ह्या पुष्करिणीत बारा-बारा वर्षांनी होणारी स्नाने म्हणजे एकाच ग्रहयोगाची दोन तीर्थे होत.

ह्या पुष्करिणीच्या काठावर 16 मंडप आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभाच्या आगेमागे तंजावरच्या नायक राजांचे, म्हणजे अच्युतप्पा आणि रघुनाथ ह्यांचे, मंत्रिपद भूषविणाऱ्या गोविंद दीक्षितांचे हे काम. हे दीक्षित मोठे मीमांसक, संगीतज्ञ आणि राजकारणी होते, आणि त्यांचे नाव त्या प्रांतातल्या पाटबंधाऱ्यांशी, पाठशाळांशी आणि देवालयांशी इतक्या ठिकाणी जोडलेले आढळते की मंत्र्याने राज्य कसे करावे ह्याचे ते एक वस्तुपाठच मानले जातात. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या माथ्यावर उभे असलेले हे मंडप निरखून पाहावेत. दगडी खांब, वर छोटेखानी विमान, चारी बाजूंनी मोकळे. त्यांपैकी एका मंडपाच्या छताखालील दगडात तुलापुरुषाचा देखावा कोरला आहे: एका पारड्यात राजा, दुसऱ्यात सोने, आणि भोवती दान घेण्यास जमलेली मंडळी. उन्हाची तिरीप पाण्यावरून परतून छताला लागते तेव्हाच ते कोरीवकाम नीट दिसते, एरवी ते धुराने आणि काळाने काळवंडलेले आहे.

ह्या मंडपास दार नाही, भिंत नाही, आसन नाही, व्यासपीठ नाही. येथे माणसे जमत ती पर्वणीच्या निमित्ताने. बोलावणारा पंचांगकर्ता, बोलणारा पुराणिक किंवा उपाध्याय, आणि ऐकणारा जो कोणी सावलीस येऊन बसेल तो. अर्थात दार नसले म्हणजे मज्जाव नसतो असे समजण्याचे कारण नाही. कोणी कोठपर्यंत यावे हे सांगावयास त्या काळी दाराची गरजच नव्हती, ते प्रत्येकाच्या जन्माबरोबर ठरलेले असे. मंडपाच्या मोकळेपणाची स्तुती करणारे आमचे वास्तुरसिक ही गोष्ट सोयिस्करपणे विसरतात म्हणून तिची येथे नोंद करून ठेवतो.

नायकांच्या मागून मराठे आले. 1675-76 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि पुढे पावणेदोनशे-एकशे ऐंशी वर्षे, म्हणजे दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर 1855 मध्ये कंपनी सरकारने संस्थान खालसा करीपर्यंत, कावेरीच्या खोऱ्यात मराठी ही दरबाराची एक भाषा राहिली. ह्या काळातील राज्यकर्त्यांनी जमण्याच्या जागांच्या इतिहासात जी भर घातली ती छत्रांची होय. अन्नछत्र म्हणजे पंगत बसविण्याचा मांडव एवढाच अर्थ घेतला तर तंजावरच्या छत्रांवर अन्याय होतो. सरफोजीराजांनी आपल्या मुक्तांबा ह्या प्रेयसीच्या नावाने ओरत्तनाड येथे बांधलेले छत्र पाहावे: जोत्याला रथाचे रूप, त्याला जोडलेली दगडी जनावरे, आत चौकामागून चौक, भोजनशाळा, पाठशाळा. 1799 च्या तहाने राज्याचा मुलकी अंमल गेला तेव्हा ह्याच सरफोजीराजांनी 1801 साली कंपनीच्या रेसिडेंटास लिहून कळविले की, बाकी काहीही घ्या, पण छत्रे आमच्या हाती राहू द्या. त्या पत्रात छत्रांतून मिळणाऱ्या अन्नाची, वैद्यकाची आणि विद्येची जी तपशीलवार हकीकत आहे, ती वाचताना एखाद्या म्युनिसिपालिटीचा वार्षिक अहवाल वाचीत असल्याचा भास होतो. फरक इतकाच की येथे करदाता नागरिक नसून उदार राजा आहे, आणि जेवणारा हक्काने न जेवता पुण्यावर जेवतो.

मंडप आणि छत्र ह्यांच्या जोडीस मराठ्यांनी आणखी एक देणगी दिली, आणि ती दगडाची नव्हती. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरात व्यंकोजींच्या काळापासून होते, आणि त्यांतून कीर्तनाची परंपरा चालू होती. परंतु 1860 नंतरच्या दशकात मोरगावकर रामचंद्रबोवा तंजावरला आले, त्यांच्या चातुर्मासातील कीर्तनांनी तो प्रांत भारून गेला, आणि त्यांची पद्धती आत्मसात करून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला तिचे आजचे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तेथील हरिकथेत आजही त्याच नावांनी गायिले जातात. ह्याचा टाउन हॉलशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, एक मनुष्य उभा राहून दोन-तीन घटका एका विषयाचे निरूपण करतो आहे, त्याच्यासमोर निरनिराळ्या पेशांची माणसे स्वस्थ बसून ते ऐकत आहेत, दाद देत आहेत, प्रसंगी हसत आहेत, ही शिस्त व्याख्यानमालांनी निर्माण केलेली नाही. ती कीर्तनाने केली. पुढे ह्याच श्रोत्यांनी इंग्रजी व्याख्याने तीन-तीन तास ऐकली ती जुन्या सवयीच्या बळावर.

आता कंपनीच्या अमलाकडे वळू. 1806 साली जिल्ह्याचे न्यायालय कुंभकोणमला आले आणि 1863 पर्यंत तेथे राहिले. राजधानीचे शहर तंजावर, आणि अदालत मात्र कुंभकोणमला, ह्या व्यवस्थेमुळे तंजावरच्या दरबारी कारकुनीत मुरलेली मराठी घराणी हळूहळू कुंभकोणमकडे सरकली. मोडी अक्षर वळणदार, हिशेब पक्का, फारसी संज्ञा तोंडपाठ, मातृभाषा मराठी आणि बाहेरची भाषा तमिळ व तेलुगू, अशा माणसांना नव्या राजवटीत सरिश्तेदाराची, मुनसफाची, तहसीलदाराची जागा मिळावयास वेळ लागला नाही. ह्याच वर्गातील एका घराण्यात 1828 मध्ये कुंभकोणमला टी. माधवरावांचा जन्म झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशी तीन संस्थाने ज्यांनी लागोपाठ सांभाळली ते हेच राजा सर माधवराव. त्यांचे चुलत बंधू दिवाणबहादूर रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण झाले आणि शास्त्रार्थाच्या आधारे विधवाविवाहाचा पुरस्कार करून, शंकराचार्यांचा मठ ज्या गावी होता त्याच गावच्या कर्मठांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. 1887 मध्ये न्यायमूर्ती रानडे ह्यांच्याबरोबर सामाजिक परिषदेचा पाया मद्रासेस घालणारे रघुनाथराव ते हेच. पुढच्या पिढीतले व्ही. पी. माधवराव त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे येथे दिवाण झाले. एका मध्यम आकाराच्या गावाने इतके दिवाण पुरवावेत ह्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्यामागे मोडी दप्तरापासून इंग्रजी मिसलीपर्यंतचा जो एक अखंड जिना होता, त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

त्या जिन्याची मधली पायरी म्हणजे कुंभकोणमचे कॉलेज. 1854 साली प्रांतिक शाळा म्हणून ते कावेरीच्या काठी सुरू झाले आणि 1867 मध्ये त्याला कॉलेजचा दर्जा मिळाला. गावाची म्युनिसिपालिटी 1866 ची. कॉलेज आणि म्युनिसिपालिटी ही दोन्ही एका वर्षाच्या अंतराने यावीत हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. कारण दिवाबत्ती, गटारे आणि घरपट्टी ह्यांवर ज्यांनी पुढे सभासद म्हणून वाद घालावयाचा, ते बहुतेक ह्याच कॉलेजात वाद घालावयास शिकले.

पोर्टर ह्या कॉलेजात आले ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत रँग्लर होऊन. मराठी वाचकास रँग्लर म्हटले की फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आठवतात, आणि ती आठवण येथे अस्थानी नाही. कारण पुण्यात परांजप्यांच्या वर्गास जे वलय लाभले, तसलेच वलय त्याच्या एक पिढी आधी कुंभकोणमला पोर्टरांच्या वर्गास होते. परांजपे आपलेच, ते आपल्या गावी परतले. पोर्टर सात समुद्रांपलीकडून आले होते, आणि तरीही पंधरा-एक वर्षे एका मुफसल गावात तळ ठोकून बसले. बढतीची आणि हवापालटाची ओढ असणाऱ्या साहेबलोकांत ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल. त्यांच्या जोडीस गोपाळराव. साहेबाची शिस्त आणि गोपाळरावांची आपुलकी, अशी ही वाटणी असावी असे कोणी सहज समजेल. पण विद्यार्थ्यांनी दोघांचीही नावे सारख्याच आदराने घेतली आहेत, तेव्हा तसली सोपी वाटणी करण्याचा मोह टाळलेला बरा. ह्या दोघांच्या कारकीर्दीत कुंभकोणमला दक्षिणेचे केंब्रिज म्हणण्याचा प्रघात पडला. व्ही. पी. माधवराव पोर्टरांच्याच हाताखाली शिकलेले. पोर्टर पुढे म्हैसूरच्या तरुण महाराजांचे शिक्षक म्हणून गेले आणि कुंभकोणमचा त्यांचा संबंध नोकरीपुरता तरी संपला. गावाच्या लेखी तो संपला नव्हता, हे टाउन हॉलवरील नावच सांगते.

सभागृहाच्या वास्तुप्रकाराकडे येताना आधी मुंबईस जाणे भाग आहे, कारण हिंदुस्थानात टाउन हॉल म्हणून जो काही आदर्श निर्माण झाला त्याचा उगम बराचसा तेथे आहे. 1811 मध्ये सर जेम्स मॅकिंटॉशच्या साहित्यमंडळाने त्याची कल्पना काढली, पैसे उभारण्यासाठी लॉटरीसुद्धा लावून पाहिली, आणि कर्नल टॉमस कूपरने आखलेली ती इमारत 1833 साली एकदाची पुरी झाली. तीस रुंद पायऱ्या, त्यांवर डोरिक पद्धतीचे जाड पन्हळी खांब, वर त्रिकोणी माथा. ग्रीक देवळाचा हा पेहराव सभागृहास घालण्यामागे इंग्रजांची समजूत अशी की, नागरिकांची सभा अथेन्समध्ये जन्मली, म्हणून तिचे घरही तेथल्यासारखेच असावे. मद्रासेच्या पच्चयप्पा हॉलने तर 1850 मध्ये अथेन्सच्या एका विशिष्ट देवळाचा नमुनाच पुढे ठेवला. माझे मत विचाराल तर ह्या खांबांचा कावेरीकाठच्या उन्हाला काहीही उपयोग नाही. पण मुंबईच्या त्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसलेली माणसे पाहिली म्हणजे वास्तुकाराने न योजलेला उपयोग लोक कसा शोधून काढतात हे मात्र दिसते.

पुढच्या पिढीतील इंग्रज वास्तुकारांनी ग्रीक मुखवटा उतरविला. कोल्हापूरचा टाउन हॉल चार्ल्स मँट ह्या लष्करी अभियंत्याने आखला आणि तो 1876 च्या सुमारास तयार झाला. काळा दगड, उतरती छपरे, दोन टोकदार मनोरे, भोवती बाग, अशी ती गॉथिक वास्तू 1940 नंतरच्या दशकात ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तूंचे संग्रहालय झाली. ह्याच मँटने पुढे बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा केला, आणि तो काम चालू असतानाच 1881 मध्ये वारला. तेव्हा ते काम मद्रासेच्या रॉबर्ट चिझमने हाती घेऊन पुरे केले. ह्या राजवाड्याचा पाया घातला गेला त्या वेळी बडोद्याचे दिवाण कोण होते? कुंभकोणमचे माधवराव. आणि मद्रासेतील व्हिक्टोरिया पब्लिक हॉल कोणी आखला? त्याच चिझमने. कोल्हापूर, बडोदे आणि मद्रास ह्या तीन ठिकाणच्या नागरी वास्तूंच्या इतिहासात अशी एक गाठ आहे, आणि ती एका तंजावरी मराठी मुत्सद्द्याच्या कारकिर्दीतून जाते. भव्य वास्तूंच्या खर्चाची मंजुरी ज्यांच्या सहीने निघे, त्या माधवरावांच्या स्वतःच्या जन्मगावी सभागृह झाले ते मात्र ह्या मनोऱ्यांच्या वैभवाच्या बरेच खालच्या पायरीवरचे.

ह्याबद्दल खेद मानण्याचे कारण मला दिसत नाही. मुफसल गावच्या टाउन हॉलला त्याची स्वतःची एक जात आहे आणि तिचे गुण मनोऱ्यांत नसतात. पुढे पोर्च, जेथे घोडागाडी उभी राहावी; मध्ये एकच लांब उंच दालन, जेथे स्तंभांचा अडथळा नसावा आणि मागच्या बाकावरील माणसाला बोलणाऱ्याचे तोंड दिसावे; बाजूंना व्हरांडे, जेथे आत जागा न मिळालेले श्रोते दाटीने उभे राहावेत; आणि भिंतीच्या वरच्या अंगास झरोके, ज्यांतून तापलेली हवा निघून जावी. मंडपापासून हा किती दूरचा पल्ला आहे पाहा. मंडपाचे छत लहान आणि खांब पुष्कळ, कारण दगडाची तुळई फार लांब टाकता येत नाही; येथे सागाच्या तुळया आणि कैच्या आल्या, आणि खांब भिंतीत गेले. मंडपात मध्य हा देवाचा असे. येथे दालनाच्या एका टोकास चौथरा आला, म्हणजे सगळ्यांचे तोंड एका दिशेस झाले, आणि त्या चौथऱ्यावर कोण चढणार हे सभेने ठरवावयाचे, निदान ठरविल्याचा ठराव करावयाचा, अशी नवी रीत आली.

त्या काळी त्या प्रांतात सार्वजनिक इमारतींवर जी सपाट छते घालीत, ती मद्रास टेरेस ह्या नावाने ओळखली जातात. त्यांची कृती पाहण्याजोगी होती. जवळजवळ लावलेल्या लाकडी कड्यांवर पातळ विटा उभ्या कडेने, तिरक्या रेषेत, चुन्यात बसवीत जायचे. त्या थरावर वीटतुकड्यांचा आणि चुन्याचा जाड थर पसरायचा. आणि मग बायकांची एक रांग हातात चपटी लाकडी चोपणी घेऊन, गाणे म्हणत, तालावर पुढे-मागे सरकत, दिवसचे दिवस तो थर चोपीत असे. अधूनमधून त्यावर हिरड्याचे पाणी आणि गूळ शिंपडीत. चोपणीचा आवाज बोदा येईनासा होऊन टणक येऊ लागला म्हणजे मेस्त्री काम थांबवी. हे छत उन्हाळ्यात खालच्या दालनास निववी आणि पावसाळ्यात, चोपणी नीट झाली असेल तर, थेंब गळू देत नसे. अभियंत्यांच्या अहवालांतून सागाचा भाव येतो, चुन्याचे प्रमाण येते. गूळ आणि गाणे येत नाही.

सभागृहाच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग 1897 सालच्या फेब्रुवारीतला. अमेरिकेहून परतलेले स्वामी विवेकानंद सिलोनातून उतरून, रामनाड-मदुरा करीत, आगगाडीने मद्रासकडे चालले होते. वाटेत त्यांनी कुंभकोणमला मुक्काम केला, हिंदू नागरिकांनी त्यांना मानपत्र अर्पण केले, आणि वेदान्ताच्या कार्यावर त्यांचे जे व्याख्यान झाले ते त्यांच्या समग्र वाङ्मयात मोडते. पोर्टर हॉलचे नाव आज गावात घेतले जाते ते मुख्यतः ह्या व्याख्यानाच्या आठवणीने. त्या वर्षी आणखी एक योग होता. गुरू सिंह राशीस होता. माघी पौर्णिमेस महामहम् भरावयाचे होते, आणि लक्षावधी यात्रेकरूंच्या तयारीत गाव गढलेले होते. एकीकडे पुष्करिणीच्या काठचे 16 मंडप, दुसरीकडे इंग्रजी शिकलेल्या वकील-मास्तरांनी भरलेले दालन. आणि ज्या दालनाला एका गणितज्ञ साहेबाचे नाव आहे तेथे एक बंगाली संन्यासी, इंग्रजीतून, तमिळ आणि मराठी श्रोत्यांना उपनिषदे समजावून सांगत आहे. पन्नास वर्षांपूर्वी अशी सभा त्या गावात कल्पनेतही आली नसती, कारण तिला लागणारी भाषाही नव्हती आणि श्रोताही नव्हता. तो श्रोता पोर्टर-गोपाळरावांच्या वर्गांतून तयार झालेला होता.

परंतु ह्या श्रोत्याचे वर्णन करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. टाउन हॉलच्या बाकांवर बसणारे म्हणजे वकील, मुनसफ, शिक्षक, मिरासदार आणि कॉलेजचे विद्यार्थी. ज्यांच्या समया दक्षिणभर जात ते कुंभकोणमचे तांबट-ओतारी, रेशमाचे माग चालविणारे सौराष्ट्र विणकर, पानमळ्यांत राबणारे कुळवाडी, हे व्हरांड्यापर्यंत आले असतील तर आले असतील. ठराव मांडणारे ते नव्हते. सभेची भाषा इंग्रजी होती, तिने ही वेस दाराहून पक्की बांधली. मंडपात जन्म जे करी ते येथे व्याकरण करू लागले, असे म्हटले तर अतिशयोक्तीचा आरोप येईल, पण तो मी पत्करतो. आमची तंजावरी मराठी मंडळी ह्या वेशीच्या आतल्या बाजूस होती. घरी मराठी, बाजारात तमिळ आणि सभेत इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस वाटलेला असे. आणि सभेत त्यांचे बोलणे ऐकून कोणालाही ती परकी आहेत असे वाटत नसे.

आणि शिक्षणाच्या ह्या पीठानेही कधी कधी चूक केली. श्रीनिवास रामानुजन हा कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर वाढलेला मुलगा. 1904 साली टाउन हायस्कूलने त्याला गणितासाठी के. रंगनाथराव पारितोषिक दिले आणि तो शिष्यवृत्ती घेऊन ह्याच कॉलेजात गेला. ज्या संस्थेला एका रँग्लरने नावारूपास आणले, तेथे हिंदुस्थानातील सर्वश्रेष्ठ गणिती इंग्रजीच्या पेपरापायी शिष्यवृत्ती गमावून बसला. पुढे 1914 मध्ये तो केंब्रिजला गेला आणि 1918 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पोर्टर त्या वेळी कॉलेजात असते तर काय झाले असते, हा प्रश्न गावातील वृद्ध अध्यापक मोठ्या हौसेने घोळवितात. मला तो निष्फळ वाटतो. परीक्षेचा नियम प्रिन्सिपॉलाच्या हातचा नसतो.

त्याउलट ज्याचे यश निखालस ह्या गावच्या शिकवणीचे म्हणता येईल असे एक उदाहरण मराठी वाचकांच्या अगदी ओळखीचे आहे. व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हे कुंभकोणमजवळच्या वलंगैमानचे. शाळा आणि कॉलेज कुंभकोणमला. गरिबीत शिकले, शाळामास्तर झाले, आणि 1907 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. इंग्रजी वक्तृत्वात त्यांची बरोबरी करणारा हिंदी माणूस त्या काळी क्वचितच होता. 1915 मध्ये गोखले वारल्यानंतर पुण्याच्या त्या संस्थेचे अध्यक्षपद ह्या तमिळ शास्त्र्यांकडे आले. दोनशे वर्षे महाराष्ट्रातून माणसे कावेरीकाठी जात राहिली होती. पुण्यातील एका अग्रगण्य संस्थेची धुरा घेण्यासाठी कावेरीकाठचा माणूस आला तो हातात कुंभकोणमचे इंग्रजी घेऊन.

जो वाचक ह्या वास्तूच्या दर्शनास जाईल त्याने एक क्रम पाळावा अशी माझी सूचना आहे. सकाळी प्रथम महामहम् पुष्करिणीच्या काठचे मंडप पाहावेत, आणि तुलापुरुषाचे छत शोधून काढावे. नंतर कावेरीच्या बाजूस कॉलेजकडे जावे. मग टाउन हॉल. आणि शेवटी गोपाळरावांच्या नावाचे ग्रंथालय. त्या ग्रंथालयास टाउन हॉलइतके यात्रेकरू लाभत नाहीत, विवेकानंद तेथे बोलले नाहीत, आणि मार्गदर्शक पुस्तकांतून त्याला बहुधा एक ओळही मिळत नाही. पोर्टरांच्या सभागृहाचे महत्त्व ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने ते वगळू नये.